थोरली की धाकटी?

मॉसच्या संग्रहालयात येऊन मॉस मारायचं औषध मागणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते.

तो दारात उभा होता. कपड्यांवर चुन्याची भुकटी, हातात डब्याचं झाकण आणि झाकणात खरवडून आणलेले काळपट, सुकलेले झुपके.

"हे मरेल असं काही आहे का तुमच्याकडे? पुलाचे दगड घासून घासून हात गेले आमचे, पण हे शेवाळ काही हटत नाही."

"शेवाळ नाही, मॉस," मी म्हणाले. "आणि आम्ही ते मारत नाही, सांभाळतो. त्या कपाटांमध्ये काय आहे असं वाटलं तुम्हाला?"

त्याने भिंतभर उभ्या कपाटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे... अगदीच चुकीच्या घरी आलो."

"अगदी."

"मग निदान पाणी तरी द्या."

मी पाणी दिलं. ग्लासात उरलेला एक थेंब रागारागानेच झाकणातल्या झुपक्यावर टाकला आणि म्हटलं, "बघा." मेल्यासारखी पडलेली ती तपकिरी पानं हलली. एकेक करत उलगडली आणि आमच्या डोळ्यांदेखत हिरवीगार झाली. मी हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतोच. त्याच्याही आला असावा, कारण तो न विचारताच स्टुलावर बसला.

"हे जिवंत होतं?" त्याने हळूच विचारलं. "आणि मी याला ब्रशने..."

तेवढ्यावरच माझा राग गेला. मी तशी लवकर विरघळणारी नाही, हे ताईला विचारा.

त्यानंतर तो पुलावरून काही ना काही घेऊन येऊ लागला. मी त्याला 'गवंडी' म्हणायचे, तो मला 'भिंगवाली'. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. भिंगाखालचं रान पाहताना तो बोलायचं विसरायचा आणि मी त्याच्याकडे पाहत काम करायचं विसरायचे. घरी ताई सकाळी आरशाशी गाठायची. "शेवाळ बघायला जाताना केस इतके नीट विंचरावे लागतात का गं?"

"मॉस, ताई."

"हो हो, तेच. नाव काय त्या मॉसचं?"

मग एके दुपारी त्याने पुलाच्या सावलीतल्या बाजूचा एक झुपका आणला आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला.

या जातीच्या दोन बहिणी आहेत. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. पानं तीच, रंग तोच, उंचीही तीच. थोरली कुठल्याही भिंतीवर सापडते. धाकटी मात्र आमच्या कपाटातल्या एका जुन्या नमुन्यापुरतीच उरली आहे, असं सगळे धरून चालले होते. ओळखायची खूण एकच. झुपक्यातून मोहरीपेक्षा बारीक बोंडं वर येतात आणि बोंडाच्या तोंडाशी दातांची कड असते. बोंड सुकलं की थोरलीचे दात सरळ उभे राहतात. धाकटीचे बाहेर वळतात, फुलासारखे.

आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी ही धाकटी असू शकते असं पुलाच्या ऑफिसला कळवलं आणि मला म्हणाल्या, "तूच बघ. तू म्हणशील तेच मी कळवीन."

थोरली निघाली तर पुलाची सफाई चालू राहणार आणि गवंडी पुढचे कित्येक महिने इथेच. धाकटी निघाली तर काम बंद, आणि त्याची टोळी दुसऱ्या गावच्या कामावर. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो.

सुकलेलं बोंड मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला, इतका जवळ की त्याच्या बाहीचा चुना माझ्या बाहीला लागला.

"काय दिसतंय?"

"थांब... दात सरळ आहेत." मी पुन्हा पाहिलं. "सरळच आहेत. थोरली!"

"म्हणजे मी राहतोय?"

"राहतोयस."

आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो. तो चहा आणायला म्हणून जवळजवळ पळतच गेला.

बोंड उचलून ठेवण्याआधी मी सहज एकदा भिंगातून पाहिलं. आणि दात हलले. कुणी न हलवता, एकेक दात सावकाश मागे झुकत होता, बाहेर वळत होता. बघता बघता बोंडाच्या तोंडाशी एक सोनेरी फूल उमललं. मी तोंडावर हात दाबून धरला. जिला सगळे संपली म्हणत होते, ती धाकटी माझ्या टेबलावर होती.

चूक आमच्या श्वासांची होती. श्वासाच्या ओलाव्याने ते दात मिटून सरळ झाले होते. या कामात शिकवतात ती पहिली गोष्ट, भिंगाशी बोलू नये, मीच विसरले होते. आणि आता खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. तो राहिला असता. किती हवंहवंसं वाटलं ते!

तो चहा घेऊन आला. माझा चेहरा पाहून त्याने ग्लास खाली ठेवले.

"इकडे ये," मी म्हणाले. "डोळा लाव. आता हळूच श्वास सोड."

त्याने सोडला. दात मिटले. त्याने श्वास रोखला... आणि ते पुन्हा फुलले. बराच वेळ तो मान वर करेना.

"माझा श्वास कळतो याला," तो पुटपुटला. मग म्हणाला, "म्हणजे आपण एवढे जवळ बसलो नसतो, तर चूक झालीच नसती."

"नसती."

"तुला गप्प राहता आलं असतं."

"आलं असतं. मनात आलंही." मी म्हणाले. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. फार वाटतं. पण हिला खरवडून नको रे."

खिशातून फोन काढून त्याने मुकादमाला लावला. "त्या बाजूला ब्रश लावू नका. काम थांबवा. हो, सगळंच." मग त्याने फोन खिशात ठेवला.

"इतके दिवस हातात झुपका घेऊन येत होतो," तो म्हणाला. "झुपका नसता तर दारातून आत यायची हिंमतच झाली नसती. आता इथे माझं काहीच काम उरलं नाही. दुसऱ्या गावाहून, सुट्टीच्या दिवशी... नुसता आलो तर? फक्त तुझ्यासाठी?"

मी "ये" म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण तो दचकला आणि मग हसला.