बाकावरची मधली जागा

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, काली पुतली चौकात मंजुषाच्या सत्काराचं बॅनर लागलं होतं आणि त्यावर मंजुषापेक्षा सत्कार समितीचे अध्यक्ष मोतीलाल यांचा फोटो मोठा होता. मोतीलालचं टेंट हाऊस होतं, तेव्हा मांडव आणि बॅनर दोन्ही घरचंच. स्टेशनवरून घरी येताना मंजुषानं ऑटोतून ते पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. पोरीचं डोकं फिरायला काही लागत नाही, असं तिची आई शेवंताबाई गल्लीभर सांगत असे. ते काही खरं नव्हतं. कारण नेहमीच असायचं, फक्त ते आईला दिसत नसे.

मंजुषा जर्मनीत राहायची आणि पियानो वाजवायची. हौसेखातर नाही, तोच तिचा धंदा. सव्विसाव्या वर्षी युरोपातल्या मोठमोठ्या सभागृहांत तिचे कार्यक्रम होत, तिकिटं आधीच संपत, तिची दोन ध्वनिमुद्रणं निघाली होती. बालाघाटात याचा अर्थ कोणाला नीट लागत नसे. शेजारचा बाबूलाल दरवेळी विचारायचा, सिनेमात केव्हा वाजवणार? ती दात आवळून हसायची.

समीक्षक लिहीत ते तिच्या डाव्या हाताबद्दल. असा डावा हात या पिढीत दुसरा नाही, असं एकानं लिहिलं आणि मग बाकीच्यांनी तेच उचललं. हे वाचून पूर्वी तिला भरून यायचं, कारण तो हात तिनं अक्षरशः शून्यातून कमावला होता.

त्याचं असं झालं होतं. शेवंताबाई मसीह मॅडमच्या घरी स्वयंपाकाला जायची. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंकडे एक जुना पियानो होता. संध्याकाळी तासभर त्या शेवंताबाईच्या पोरींना शिकवत. पोरी दोन, पियानो एक आणि तासही एकच. मॅडमनी तोडगा काढला. दोघींना एकाच बाकावर बसवायचं. थोरली अंजू डावीकडे, तिनं खालचे जाड सूर वाजवायचे. धाकटी मंजू उजवीकडे, तिचे वरचे. कोपराला कोपर लागू नये म्हणून मॅडम मागे पट्टी घेऊन उभ्या असत आणि अधूनमधून म्हणत, "बीच में जगह छोड़ो."

पोरींची सगळी वाढती वर्षं अशीच गेली. मग चेन्नईच्या एका संगीत विद्यालयातून दोघींपैकी एकीला बोलावणं आलं. अंजूचं लग्न जवळच्या कटंगीला ठरलेलं होतं, म्हणून मंजू गेली. तिथं पहिल्याच दिवशी तिला एकटीला बाकावर बसवलं आणि सगळ्यांसमोर तिची फजिती झाली. तिला अर्धाच पियानो येत होता. खालच्या अर्ध्यात तिची बोटं आंधळ्यासारखी चाचपडत. सोबतची मुलं हसली. त्या हसण्याच्या रागावर तिनं पुढची कितीतरी वर्षं काढली आणि डावा हात उभा केला. बालाघाटचे लोक म्हणत, थोरलीनं त्याग केला म्हणून धाकटी मोठी झाली. हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अंजूनं जे सोडलं ते सोडलं. पण हात हिनं घडवला होता, एकटीनं, रडून रडून.

आणि आता तोच हात कोणीतरी नेत होतं.

गेल्या हिवाळ्यात ध्वनिमुद्रणाच्या वेळी एका ठिकाणी खालचा एक सूर तिच्याकडून सुटला. सुटला हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण बोट पियानोच्या पट्टीपर्यंत पोचलंच नव्हतं. मुद्रण ऐकलं तर सूर होता. गोल, भरीव, तिच्या नेहमीच्या सुरापेक्षा किंचित जड. तिनं तो पुन्हापुन्हा ऐकला आणि थकवा असेल म्हणून सोडून दिला.

वसंतात एका कार्यक्रमात तिचं बोट पोचायच्या आधी पट्टी खाली गेली. इतकीशी आधी की दुसऱ्या कोणाला दिसणं शक्य नव्हतं. पुढच्या गावी पियानो दुसरा होता, तरी तेच झालं. उन्हाळा संपेपर्यंत तिचा डावा हात आपण वाजवतो आहोत असं दाखवत पट्ट्यांमागे धावू लागला. तिनं कारागिरांकडून पियानो तपासून घेतले, डॉक्टरांकडून हात तपासून घेतला. कुठंच काही नव्हतं. वर समीक्षकांनी लिहिलं की तिचा डावा हात आता परमोच्च अवस्थेला पोचला आहे. तिनं फोन भिंतीवर फेकला.

ती घाबरली नव्हती. तिला संताप आला होता. घरात चोरी व्हावी आणि चोराचं कौतुक आपल्याच नावानं ऐकून घ्यावं लागावं, तसं चाललं होतं. वाजवण्याखेरीज तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. ना संसार, ना धड आपलं म्हणावं असं गाव. जे होतं ते या दहा बोटांत होतं आणि त्यातली पाच हातची जात होती.

खालचा अर्धा पियानो ज्याचा, असं एकच माणूस तिला माहीत होतं. म्हणून मोतीलालचं आमंत्रण आलं तेव्हा तिनं लगेच होकार कळवला.

सत्काराच्या आदल्या दिवशी ती कटंगीला गेली. बाजाराचा दिवस होता. अंजूचं ब्लाउज शिवायचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. बाहेर भाजीवाल्यांचा कलकलाट, आत मशीनचा. अंजूनं बहिणीला चहा दिला आणि पुन्हा मशीनवर बसली. गेल्या खेपेपेक्षा ती जाड झाली होती आणि केस पिकायला लागले होते.

मंजुषानं चहाला हात लावला नाही. "अंजूताई, माह्या हातातून निघ," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. मुद्रण, पट्ट्या, डॉक्टर, समीक्षक. सांगताना तिचा आवाज चढत गेला आणि बाजारातली दोन माणसं दारात थबकली. अंजूनं दोरा दातानं तोडला.

"मसीह मॅडम गेल्या, पियानो भंगारात गेला. तवापासून मी कशालेच हात नाही लावला," ती म्हणाली. "मले त्यातलं काही याद बी नाही. तू सगळं नेलं ना? आता तुह्या हाताले काही झालं तं तेही मीच केलं काय?"

"मंग कोण करून राह्यलं?"

अंजूनं मशीनवरचा पाय काढला. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी जे आलं ते मंजुषाला आवडलं नाही.

"तू बाकावर कुठं बसत होती?" अंजूनं विचारलं.

"काठावर. अर्धी बाहेरच राहो मी. सगळी जागा तू घेत होती."

"मी बी काठावरच राहो," अंजू म्हणाली. "मले वाटे, तूच घेऊन राह्यली."

बाक लांब होता, दोघी पोरी ऐसपैस बसून उरेल इतका. मंजुषाला तो स्पष्ट आठवला आणि उजव्या मांडीत रुतणारी त्याची कडाही आठवली. लहानपणी असं वाटतंच, असं तिनं स्वतःला बजावलं. मग तिनं बहिणीला बजावलं की उद्या कार्यक्रमाला यायचं, पहिल्या रांगेत बसायचं आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायचे, मला दिसतील असे.

"हौ, येतो," अंजू म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोती तलावाजवळच्या मंगल भवनात सत्कार झाला. पियानो नागपूरहून पिकअपमध्ये आला होता. तो लावून झाल्यावर कोणीतरी त्याच्यासमोर नारळ फोडला होता आणि झाकणावर झेंडूचा हार घातला होता. मंजुषानं हार काढून बाजूला ठेवला, तेव्हा मोतीलालचं तोंड उतरलं. त्यांनी हिंदीत लांबलचक भाषण केलं. त्यात जर्मनी तीनदा आलं आणि टेंट हाऊस चारदा. शाल झाली, श्रीफळ झालं. लग्नाच्या लाल खुर्च्यांवर लोक दाटीवाटीनं बसले होते. पहिल्या रांगेच्या मधोमध हिरव्या साडीत अंजू होती. हात सांगितल्याप्रमाणे मांडीवर उताणे.

मंजुषा बाकाच्या मधोमध बसली. तिनं ते मुद्दाम पाहून घेतलं.

सुरुवात तिची होती. पहिलं पान दोन्ही हातांनी तिनंच वाजवलं आणि तिला वाटलं, सुटलं. दुसऱ्या पानावर खालची एक पट्टी तिच्या आधी गेली. मग दुसरी. मग खालचं सगळंच.

तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. अंजूचे हात जिथल्या तिथं होते. एक बोट हललं नव्हतं.

म्हणजे अंजू नव्हती. मंजुषाला रागानं दिसेनासं झालं. बहिणीशी भांडता आलं असतं, हिसकावून घेता आलं असतं. याच्याशी कसं भांडायचं? तिनं डावा हात उचलून मांडीवर आपटला.

खालचे सूर चालू राहिले.

कोणी चमकलं नाही. कोणी शेजाऱ्याला कोपर मारलं नाही. मोतीलाल चुकीच्या जागी मान डोलवत होते.

उजव्या मांडीत काहीतरी रुतत होतं. बाकाची कडा. ती काठावर आली होती, अर्धी बाहेर. तिनं पाय रोवले आणि सगळा जोर लावून डावीकडे रेटलं. डावीकडची जागा हलली नाही. ती नुसती रिकामी दिसत होती.

"ऊठ," ती दातओठ खात म्हणाली. "हे माझं आहे."

तिनं उजवा हातही उचलला.

वरची धून थांबली नाही. ती अधिक स्वच्छ झाली. एका वळणावर मंजुषा कायम अडखळायची, चेन्नईपासून. ते वळण विनासायास पार पडलं.

ती उठली. बाक कुरकुरला नाही. ती स्टेजच्या पुढच्या कडेला गेली आणि दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले. हे पाहा, रिकामे आहेत. मी वाजवत नाही. ती मोठ्यानं बोलली, हिंदीत, मग मराठीत.

सगळे पियानोकडे पाहत होते.

तिचा आवाज संतापानं फाटला. ती पायऱ्या उतरून खाली आली. मोतीलालनं गुडघे आत घेऊन तिला वाट दिली, मान वर न करता. ती अंजूसमोर जाऊन उभी राहिली. ही तरी ओळखेल. एका ताटात जेवलेली, एका अंथरुणात झोपलेली.

"ताई, पाह्य ना. मी इथं आहो."

अंजूच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं मान डावीकडे कलती करून पाहिलं, मग उजवीकडे. मग तिनं मंजुषाकडे एकदा पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, आदरानं.

"मॅडम, जराशा बाजूले व्हा ना," ती हळूच म्हणाली. "मले माही बहीण दिसून नाही राह्यली."