बंद न वाटणारं दार

मास्तर रोज सकाळी स्टुडिओत आले की आधी पेन्सिलीला टोक काढत. त्या जागेत पेन्सिल कुणीच वापरत नसे. सगळे जण काळ्या पाटीसारख्या एका यंत्रावर प्लास्टिकची कांडी फिरवून चित्रं काढत. पण जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाचा हात टोकदार पेन्सिलीशिवाय कामाला लागत नाही, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. सालपटं टाकायला त्यांच्या टेबलावर एक कान तुटका कपही ठेवला होता.

स्टुडिओ म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरची एक लांबट खोली. खालून दिवसभर तापलेल्या सुती कापडाचा वास वर येई. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे होते, त्यामुळे भर दुपारीही आत संध्याकाळ असे. ही जागा चालवणारी बाई मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. शाळेत एक रेघ काढायची आणि तीन पुसायची, म्हणून मास्तरांनी तिचं नाव 'खोडरबर' ठेवलं होतं. ते चिकटलं ते चिकटलंच. आता तिच्या हाताखालची माणसंही तिच्यामागे तेच नाव घेत, आणि ते तिला ठाऊक होतं.

काम होतं 'दिवेलागण' नावाचा जुना व्हिडिओ गेम नव्याने करण्याचं. एक छोटी मुलगी हातात पणतीएवढा दिवा घेऊन एका मोठ्या घरात शिरते, आणि अंधाऱ्या खोल्या एकेक करून उजळत जाते, एवढाच तो खेळ. शेवटची खोली जिन्याखालची. तिथला दिवा लागला की खेळ संपला. त्या घराची सगळी चित्रं मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, काढली होती. तेव्हाच्या यंत्रात रंग मोजकेच होते आणि एकेक चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची मांडणी. तरी एका पिढीची मुलं त्या घरात शिरली, ती अजून बाहेर आली नव्हती.

त्या गेमनंतर ताईने पुन्हा चित्र काढलं नाही. त्याच वर्षी तिचा उजवा हात धरला. आधी खांदा दुखायला लागला, मग कोपर, आणि हळूहळू हात छातीसमोर उचललेला, तळवा पुढे, असा गोठून बसला. कुणाला तरी 'थांब' म्हणावं तसा. डॉक्टरांनी सांध्यांना नावं ठेवली, मालिशवाल्यांनी डॉक्टरांना. मागाहून झटका येऊन तिची वाचाही गेली. आता ती मास्तरांकडेच असे. झोपतानाही त्या हाताखाली उशा रचाव्या लागत. झोप अशी नसेच, ग्लानी असे. तिचे डोळे मिटण्याआधी तिचं घर तिला नव्या रंगात दाखवायचं, एवढ्या एका इच्छेपायी मास्तर या वयात जिना चढत होते.

"पण जुनं ते पुन्हा नवं करायचंच कशाला?" प्रोग्रामर दर दोन दिवसांनी विचारी. गेमला चालतं-बोलतं करणारा माणूस तो, पण स्वतः फारसा हलत नसे. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, मॅडम. ठिपक्यांत लोकांना काय काय दिसत होतं. तुम्ही मूठ उघडणार, आणि लोक म्हणणार, एवढंच होतं होय?"

"आणि आताच्या मुलांनी ते ठिपके बघून नाक मुरडलं तर?" खोडरबर म्हणे. "मूठ झाकलेलीच राहील, पण धरायला कुणी येणार नाही. सर, तुम्ही सांगा."

मास्तर दोघांचंही ऐकून घेत. वर्गात अशी भांडणं त्यांनी खूप पाहिली होती. "मुलांना नीट दिसलं पाहिजे," ते म्हणत. "पण दाखवायच्या आधी आपल्याला नीट दिसलेलं असलं पाहिजे."

जिन्याखालच्या खोलीचं चित्र उघडलं तो दिवस साधाच होता. मोठ्या स्क्रीनवर एकेक ठिपका फरशीएवढा दिसत होता. मागच्या भिंतीला एक दार. त्याला खेळात काही काम नव्हतं, ते नुसतं रंगवलेलं होतं. आणि त्या दारावर, जमिनीपासून थेट वरच्या कडीपर्यंत, एक काळा एक करडा असे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे पसरलेले.

"हे काय आहे, सर? ओल आलीय का?"

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. मागे सरकून पाहिलं. ठिपके ते ठिपकेच.

"ओलच असेल. खालून वर चढलीय."

"मग दार स्वच्छ करू?"

"कर."

तिने दार स्वच्छ केलं. सागवानी रेषा, पितळी कडी, कडीवर एक उजेडाचा थेंब. सुरेख दार झालं.

संध्याकाळी मास्तर घरी आले तर सून दारातच उभी. "बाबा, आत्यांकडे बघा."

ताई खिडकीपाशी नेहमीच्या खुर्चीत होती. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता. सैल, बोटं किंचित उघडी, एखाद्या लहान मुलाचा झोपेत पडावा तसा. आणि ती खरोखरच झोपली होती. तोंड उघडं टाकून, हलकं घोरत.

"दुपारी आपोआप खाली आला," सून म्हणाली. "मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, होतं असं कधी कधी. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ताईच्या तळव्यावर बोट ठेवून पाहिलं. तळव्याला घट्टे होते. पेन्सिल धरून पडतात तिथे नव्हे, मधोमध.

दुसऱ्या दिवशी खोडरबर प्रोग्रामरशी वाद घालत होती. "मी बंद दार दिलं होतं. तू उघडं का ठेवलंस?"

"मी? अहो, ते दार नाही. भिंतीवरचं चित्र आहे. चित्राला बिजागऱ्या नसतात."

दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ होती. केसाएवढी. मास्तरांना वाटलं, सावली असेल. खोडरबरने ती पुसली, दार चौकटीला भिडवलं. जेवून परत आले तेव्हा रेघ तिथेच होती, आणि आता तीत करंगळी मावली असती.

मग दोनदा, तीनदा तेच झालं. आधी जपून ठेवलेली स्वच्छ दाराची प्रत काढून लावली, तीही तशीच. प्रोग्रामरची थट्टा कमी कमी होत गेली. एकदा तो नुसताच म्हणाला, "सर, तो दिवा बघा."

खेळातली मुलगी जिन्याखाली उभी होती. तिच्या हातातला नवा दिवा सुंदर होता, ज्योतीच्या पोटातला निळा रंगसुद्धा दिसे. ती ज्योत एका बाजूला कलली होती. दारापासून दूर.

"वारा घातलायस?" खोडरबरने विचारलं.

"या गेममध्ये वारा नाहीच आहे."

खालून इस्त्रीची वाफ फुसकन सुटली, तेव्हा तिघेही दचकले, आणि कुणी हसलं नाही.

मास्तरांना ताईचं एक बोलणं आठवलं. ते वर्गात मुलांना नेहमी सांगत, की उघडं दार काढणं सोपं, बंद दार काढणं अवघड. कागदावर बंद दार आणि दाराचा रंग दिलेली भिंत सारखीच दिसते. हे त्यांनी ताईकडूनच उचललं होतं. गेमची चित्रं करताना ती एकदा ब्रश खाली ठेवून म्हणाली होती, "दार झालं रे, पण बंद वाटत नाही." पुढेही काहीतरी म्हणाली होती. ते काही केल्या आठवेना.

सोमवारी मास्तरांच्या जुन्या शाळेतली मुलं स्टुडिओत खेळून पाहायला येणार होती. मास्तरांची नातही त्यांत होती, आणि तिने आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. रविवारी दुपारी ती हटून बसली. "आबा, मला आत्याआजीचा खराखुरा गेम बघायचाय. ठिपक्यांचा."

माळ्यावर जुनं यंत्र होतं, कॅसेट होती, आणि पाठीला पोक असलेला काचेचा टीव्हीही होता. मास्तरांनी तो उतरवला, पुसला, जोडला. पडदा हळूहळू उजळला. धुळीचा करपट वास आला. त्या जुन्या पडद्यावर ठिपके ठिपके राहत नव्हते, शेजारच्या रंगात ओघळत होते, पाण्याच्या रंगांसारखे एकमेकांत मिसळत होते. ताईने चित्रं काढली ती या काचेसाठी, हे मास्तरांच्या आता ध्यानात आलं. स्टुडिओतल्या लख्ख स्क्रीनवर त्यांनी विणीचे धागे मोजले होते. कापड पाहिलंच नव्हतं.

नातीने भराभर खोल्या उजळल्या. "आबा, किती मस्त आहे. पण मुलीला नाक नाहीये."

"तुझ्याकडे आहे ना, मग झालं."

ती जिन्याखाली पोचली, आणि थांबली.

"ही बाई कोण?"

दारापाशी एक बाई होती. ओल नव्हती ती. काळे-करडे ठिपके मिसळून त्यांची पाठ झाली होती, खांदे झाले होते, कमरेपर्यंतची वेणी झाली होती. ताईची वेणी तशीच होती.

मास्तरांना उरलेलं बोलणं आठवलं. "बंद वाटत नाही रे. मग धरायला कुणीतरी ठेवलं."

"बसलीय बघा," नात म्हणाली. "दमलीय वाटतं."

बाई जमिनीवर बसली होती, दाराला पाठ टेकून नव्हे, बाजूला, भिंतीशी. हात मांडीवर. मास्तरांनी स्टुडिओत पुसायला सांगितलेले ठिपके कडीपर्यंत पोचत होते. उभ्या माणसाएवढे. ही कॅसेट कितीतरी वर्षं माळ्यावर बंद डब्यात होती.

आणि तिच्यामागे, दाराच्या कडेला, इथेही काळी पट्टी होती. हाताएवढी रुंद.

मास्तरांनी टीव्ही बंद केला. मागे वळले तर ताई जागी होती. ती पडद्याकडे पाहत नव्हती, स्वतःच्या तळव्याकडे पाहत होती. मग तिने मास्तरांकडे पाहिलं आणि मान हलवली. एकदाच, हळू. नाही. लहानपणापासून तिने त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"अगं, कोण सांगतंय तुला पुन्हा उभं राहायला," मास्तर म्हणाले. "तू झोप."

ते तसेच स्टुडिओत गेले. खोडरबर तिथे होती. सोमवारची तयारी चालली होती, पण ती स्क्रीनकडे पाठ करून बसली होती. दार अर्धं उघडलं होतं. पलीकडे काही काढलेलं नव्हतं, म्हणून पलीकडे काही नव्हतं, एवढंच म्हणता येत होतं. दिवा जवळजवळ आडवा झाला होता.

मास्तरांनी तिला जुन्या पडद्याबद्दल सांगितलं. दारापाशी दिसलेल्या बाईबद्दल, तिच्या वेणीबद्दलही. ती आता बसलीय, एवढं नाही.

"म्हणजे त्या ताईच होत्या," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आणि मी ओल म्हणून पुसल्या. सर, आपण त्यांना पुन्हा काढू. वेणीसकट, नीट. उद्याच्या आत होईल."

"ताईला नाही. ताईचं झालं."

"मग दार?"

"उद्या मुलं त्याच खोलीत जाणार ना?"

"हो."

"सरक. मला बसू दे."

"सर, तुम्हाला ती कांडी चालवता येत नाही."

"तू सांग, मी शिकतो. इतकी वर्षं उलटं चाललं होतं."

तिने शिकवलं. मास्तरांनी आधी टाचा काढल्या, मग पोटऱ्या, मग ढगळ सदरा. किंचित वाकलेली पाठ. मानेवरचे विरळ पांढरे केस. आरशात दिसत नाही असं सगळं काढायचं होतं, तरी हात अडला नाही. शेवटी उजवा हात काढला. छातीच्या उंचीवर, तळवा दाराला लावलेला.

शेवटची रेघ ओढली.

दार बंद होतं.

कुणी लावताना दिसलं नाही. ज्योत सरळ उभी होती.

खोडरबरने मागे सरकून चित्र लांबून पाहिलं. मग म्हणाली, "सर, आता बंद वाटतं."

"वाटायलाच पाहिजे," मास्तर म्हणाले, आणि टेबलावरची पेन्सिल उचलायला गेले. ती त्यांना उचलता आली नाही. त्यांनी ती डाव्या हाताने उचलून खिशात ठेवली.

सोमवारी मुलं आली, खेळली, ओरडली. एकाने विचारलं, दाराशी ते आजोबा का उभे आहेत. दुसरा म्हणाला, अरे, त्यांच्यावर राज्य आहे. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

संध्याकाळी घरी ताई स्वतःच्या हाताने चमच्याने भात खात होती. सांडत होती, तरी सून कौतुकाने पाहत होती. मास्तर समोर बसले होते. त्यांचा उजवा हात छातीसमोर उचललेला होता, तळवा पुढे. ताईची नजर त्या हातावर गेली, आणि चमचा ताटात राहिला.

"खा गं," मास्तर म्हणाले. "गार होईल."

तेवढ्यात नात धावत आली. आज जिन्याखालचा दिवा तिने सगळ्यांच्या आधी लावला होता. आबांचा उचललेला हात बघून ती हसली आणि तिने त्यावर आपला तळवा फटकन आपटला.

"किती गार हात आहे, आबा," असं म्हणत टाळी देऊन ती बाहेर पळाली.

मास्तरांच्या तळव्यावरचा दाब मात्र गेला नाही.