चिमाताईंच्या माहेराचं माप

गेल्या वर्षीची मार्गशीर्ष अमावास्या. वार शुक्रवार. दिवेलागणीला आयरेसर टॉर्चचे सेल आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि तिथूनच त्यांनी पालीला जायला गनीची रिक्षा केली. ऐकीव गोष्ट नाही ही, पोरांनो. गनीला तुम्ही रोज बघता. विचारा त्याला. फक्त अंधार पडल्यावर विचारू नका... सांगत नाही तो.

रावजी आयरेसर म्हणजे घरं मोजणारा माणूस. उभा जन्म त्यात घातला त्यांनी. जिथे जांभ्याचं जुनं कौलारू घर, तिथे सर पोचायचे. ओटी मोजायची, खांब मोजायचे, तुळया कशा बसवल्यात ते बघायचं आणि सगळं कागदावर उतरवायचं. "लोक घरं पाडणारच. निदान ती कशी होती एवढं तरी राहू दे," म्हणायचे. टेपचं दुसरं टोक धरायला बायको, चिमाताई. लग्न झाल्यापासून तीच. सर पडवीतून ओरडायचे, "धर गं!" की आतून आवाज यायचा, "धरलाय!"

चिमाताईंचं माहेर पालीजवळ. साधं, चार खोल्यांचं. दरवर्षी ती बिचारी विचारायची, "आमचं घर कधी मोजणार हो?"

"अगं, घर काय पळून जातंय काय?"

घर नाही गेलं. चिमाताई गेल्या. सर तेव्हा गुहागरला, कुणाच्या तरी माळ्यावर चढलेले. घरी पोचेपर्यंत तिला जमिनीवर घेतलं होतं. त्यानंतर सरांनी टेपला हात लावला नाही.

आणि त्या शुक्रवारी चिमाताईंच्या भाचीचा, संस्कृतीचा मुंबईहून फोन आला. "आतोबा, आपलं घर रस्त्यात गेलं. उद्या सकाळी जेसीबी येतोय. मी रात्रीच्या गाडीने निघतेय, देव तेवढे घेऊन जाते."

सरांनी फोन ठेवला आणि कपाटातून टेप काढला.

गनीने रिक्षा बांधाला लावली. समोर काळंभोर घर. वीज केव्हाच तोडलेली.

"सर, मी येऊ काय आत?"

"नको रे. तू बस. हे माझं मलाच केलं पाहिजे."

दाराला नुसती कडी होती. आत वटवाघळांचा वास, पायाखाली बोटभर धूळ. सरांनी टेपचं टोक खिळ्याला अडकवलं आणि मागे सरकले. टोक सुटलं. पुन्हा अडकवलं. पुन्हा सुटलं. जन्मभराची सवय... तोंडातून निघून गेलं,

"धर गं!"

आणि ते तिथेच थबकले. आपलं आपल्यालाच हसू आलं. मग रडू आलं.

तेवढ्यात टेप ताणला गेला.

हळूच. कुणी बोटांत धरावा तसा.

टॉर्चचा उजेड टेपवरून पुढे गेला. माजघराच्या दारापर्यंत. त्यापुढे टेप अंधारात शिरला होता... सरांनी उजेड पुढे नेला नाही. नेववेना. त्यांनी आकडा वाचला. लिहिला.

"पुढची भिंत," ते पुटपुटले.

टेप सैल झाला. सरपटत गेला. थांबला. ताठ झाला.

पडवी झाली. ओटी झाली. सर मागत होते, टेप जात होता. बाहेर गनीला सरांचा आवाज येत होता. "जरा डावीकडे... हां... बस." तो रिक्षात अंग चोरून बसला. एकटा माणूस कोणाला सांगतोय?

शेवटी माजघर. चिमाताई जन्मल्या ती खोली. सर मधोमध उभे राहिले. आणि त्यांनी टॉर्च विझवला.

भीती नव्हती असं नाही. पण उजेड पडला आणि समोर कुणीच नसलं तर? ती भीती मोठी होती.

"चिमा..."

त्यांनी टेप घट्ट धरला.

"उशीर केला गं मी. सगळ्यांची घरं मोजली. तुझंच..."

हातातला टेप सैल पडला. सर मटकन खाली बसले. मांडी घालून, काळोखात, लहान पोरासारखे रडले.

मग आवाज आला. जमिनीलगत.

सूं... सूं...

काकणं किणकिणली. जवळ. मग पाठीमागे. मग पुन्हा समोर.

सूं... सूं...

सर हलले नाहीत. मान वर केली नाही. डोळे मिटून घेतले, आणि तो आवाज थांबू नये म्हणून श्वासही जपून घेत राहिले.

कोंबडा आरवला तसा गनीला धीर आला. त्याने हाक मारली. सर बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसून राहिले.

उन्हं येता येता संस्कृती आली. मागोमाग जेसीबी. पोरीने दार ढकललं, आत गेली आणि माजघराच्या उंबऱ्यातच थांबली.

"आतोबा... सारवलं कुणी?"

वाडीत आता औषधाला गाय नाही. तरी माजघर नुकतंच शेणाने सारवलेलं होतं. बोटांच्या कमानी उठलेल्या, एकीला लागून एक, अगदी भिंतीपर्यंत. संस्कृतीने वाकून हात लावला. ओलं होतं.

जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं. पण किती वेळ बंद ठेवणार? दुपारच्या आत घर पडलं. सरांकडे कागद राहिला.

गनीने मात्र घर पडायच्या आधी आत डोकावून नीट बघितलं होतं. ओल्या सारवणाच्या मधोमध एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा तेवढी कोरडी होती. आणि तिथून दारापर्यंत... येणारं नाही, जाणारं नाही, एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.