साल कोरलेली तुळई

"तुळई चोरीला गेलीय," सराईची मालकीण म्हणाली. "चांगली वीस फुटांची. आणि उद्या तपासनीस येणार!"

मास्तरांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. त्यांचा मित्र मात्र चपला घालून उभा होता. पूर्वी तो इमारती मोजायचा, आता लोकांची कोडी सोडवायचा. गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत.

सराईमागे धान्याचं कोठार आणि गोठा समोरासमोर होते. कोठाराच्या तिसऱ्या तुळईवर बांधकामाचं साल कोरलेलं होतं. ते तपासनिसाला दाखवलं तर जुनी वास्तू म्हणून सराई वाचणार, नाहीतर रस्त्यासाठी पडणार. मालकीण दोन दिवस बहिणीकडे जाऊन आली, तो त्या जागी दुसरीच, साल नसलेली तुळई!

बाहेर जायची एकच वाट, तीही फाटकाशी काटकोनात वळत होती. तिथे बैलगाडीसुद्धा अडे.

मास्तर शिडीवर चढले. "खांबावर तीन खाचा आहेत, काळ्या. सांधा जुळावा म्हणून सुतार जागेच्या क्रमांकाइतक्या करतात तशा. तुळईवर चार काळ्या, शेजारी तीन पांढुरक्या. कुणी घासल्या असतील... असं आपलं मला वाटतं."

"तुम्ही बघा, मास्तर. वाटायचं नंतर."

मालकिणीचा दीर अंगणातच भेटला. "स्पष्ट सांगतो, सराई गेली तर मी सुटलो. पण मला साधी खुंटी ठोकता येत नाही. विचारा वहिनींना."

"खरंय," मालकीण म्हणाली. "मागे स्वतःचा अंगठा ठोकून घेतला होता."

सुतार गोठ्यावर होता. छप्पर अर्धं उघडं, बाजूला कप्पी, दोर, टेकू. "आठवडाभर कौलं बदलतोय," तो म्हणाला. "तुळयांना हात लावला नाही."

ओळंब्याने सगळ्यांना गोठ्यात बोलावलं.

"फाटकातून तुळई गेली नाही, म्हणजे ती इथेच आहे. लाकूड लपवायला छपरासारखी जागा नाही. कोठारातल्या तुळईवर जुन्या खाचा चार, म्हणजे ती इथली चौथी. मग कोठारातली तिसरी कुठे? मास्तर, वर हात फिरवा."

मास्तरांनी शिडीवर चढून चौथ्या तुळईची वरची बाजू चाचपली. "आकडे लागतायत!"

"कौलं बदलायला कप्पी कशाला? आणि चोर खाचा करत बसत नाही. नव्या जागेची खूण केल्याशिवाय तुळई चढवत नाही, तो सुतार. हाताची सवय, दादा."

सुतार कौलांच्या ढिगावर बसला. "ते साल खोटं आहे. मालकिणीच्या आजेसासऱ्यांनी सांगितलं आणि माझ्या आजोबांनी कोरलं. तपासनीस अक्षराच्या नव्या वळणावरून ते ओळखेल. आजोबांची छी-थू होईल."

"मग तासून का नाही टाकलंत?" मास्तरांनी विचारलं.

"आजोबांचा हात आहे तो. माझा पटाशीवर जोर चालेना."

मालकिणीने छपराकडे पाहिलं. "म्हणजे सराई जुनी नाही?"

"साल खोटं, सराई नव्हे," ओळंबा म्हणाला. "एकही लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या, जुन्या काळचं काम. पण हे पटवावं लागेल. अवघड आहे."

"असू दे अवघड." तिने पदर खोचला. "खोट्यावर वाचलेली सराई मला नको. उद्या आधी खोटं साल दाखवायचं, मग एकेक सांधा. मास्तर, शिडी तुम्ही धरायची. आणि दादा, तपासनिसाशी तुम्ही बोलायचं. आजोबांचं नाव घेऊन, मान वर करून."



सुतार उठला आणि साल खालून दिसेल अशी तुळई फिरवायला दोर सोडू लागला.