उपासाला शेंगा चालतात

कराडच्या स्टँडवर मी एका अनोळखी फौजीला डोळा मारला, तेव्हा माझ्या तोंडात भाजलेल्या शेंगा होत्या.

म्हणजे मी मारला नव्हता... मारला गेला. माझं नाव सुलोचना, सुंदर डोळ्यांची. बारशाला नाव ठेवताना अंबूआत्यानं पाळण्यात नीट वाकून पाहिलं नसावं. माझी डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली, आणि काही चावायला लागले की ती फडकन वर जायची, पुन्हा खाली यायची. प्रत्येक घासाला. समोरच्याला वाटायचं, पोरगी खुणावतेय! एका लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्या पाहुण्याला तसंच वाटलं, आणि माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून आईनं नियमच केला. चार माणसांत सुला जेवणार नाही.

चौऱ्याहत्तर सालची थंडी होती ती. आई मला साताऱ्याहून मिरजेला घेऊन चालली होती. तिथं म्हणे पापणी कापून, वर उचलून शिवतात. आधी डोळा, मग स्थळ, असा तिचा बेत. आणि माझा? मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

गाडी कराडला थांबली. आई तांब्या घेऊन पाण्याला उतरली, तशी मी पदराची गाठ सोडली आणि सोललेल्या शेंगांचा मोठा बोकणा भरला. खिडकीखाली तो उभा होता. हिरवी ट्रंक, बारीक कापलेले केस, उन्हानं रापलेला चेहरा. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग मागं वळून पाहिलं. मागं एक झोपलेलं कुत्रं होतं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्यानं भुवया उंचावल्या... मी?

मी जोरात मान हलवली. नाही, नाही! पण तोंड भरलेलं होतं, ते मिटून राहीना. पापणी आणखी दोनदा उडाली.

तो त्याच गाडीत चढला. आमच्या मागच्याच बाकावर बसला.

"मावशी, ट्रंक पायात तर येत न्हाई नव्हं?" त्यानं परतलेल्या आईला विचारलं. बस्स, तेवढंच निमित्त. माझे वडीलही पलटणीतून निवृत्त झालेले. इस्लामपूर येईपर्यंत आईनं त्याचं गाव, घराणं, रजा, घरी कोण कोण, सगळं काढून घेतलं. नाव कृष्णात. तासगावकडचा. घरी आई, नि मळ्यात ऊस. मग समाधानानं तिला डुलकी लागली.

बाहेर उसाच्या फडांवर धुकं उतरलेलं. कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड वास खिडकीतून आत येत होता, आणि त्या वासातूनच जणू मागून आवाज आला.

"एक इचारू का?"

मी पदराची गाठ घट्ट आवळली.

"कराडात डोळा कुणाला मारलासा?"

"शेंगांना."

मागं कुणीतरी हसू दाबलं. "नशीबवान हायत शेंगा..."

मला हसू आलं, आणि पाठोपाठ रडूही. खिडकीकडंच तोंड ठेवून मी खरं ते सांगून टाकलं. "मुद्दाम न्हाई मारला. खाताना आपोआप हुतं. जन्मापासनं. उद्या मिरजेला दाखवायचाय. कापून शिवणार हायत."

गाडी खड्ड्यातून गेली, ट्रंक खडखडली. मला वाटलं... संपलं. हासुद्धा आता दुसरीकडं बघत बसणार.

"दुखंल का?" त्यानं हळूच विचारलं.

मी पहिल्यांदा मागं वळून पाहिलं. इतकी माणसं माझ्या डोळ्याबद्दल बोलली होती. शिवलेलं दिसेल का, खर्च किती, पोरगी खपेल का. हा प्रश्न कुणाच्याच तोंडी आला नव्हता.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई मृदू बोलायच्या. त्यांनी मला बिस्किट खायला लावलं, पापणीची उडी पाहिली आणि म्हणाल्या, "डोळा निरोगी आहे. दिसायलाही पुरेपूर दिसतं. पापणी उचलता येईल, उडणंही बहुधा थांबेल. पण मग झोपेत हा डोळा पूर्ण मिटणार नाही, किंचित उघडा राहील. चालेल ना?"

"चालंल," आई म्हणाली.

"मी हिला विचारतेय," बाई म्हणाल्या. मी पदराशी चाळा करत राहिले. शेवटी पुढच्या गुरुवारी या, असं ठरलं, आणि आम्ही सांगलीला अंबूआत्याकडं मुक्कामाला आलो.

मंगळवारी दुपारी आत्याच्या दारात तोच उभा! सोबत त्याची आई, भामाबाई. गाडीत आईनं त्याची चौकशी केली, तशी त्यानंही आत्याचा पत्ता काढून घेतला होता, हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं. आईची धांदल उडाली. डोळा तर अजून तसाच! मी उजवीकडूनच दिसेन अशी मला कोपऱ्यात बसवलं. पोहे आले. माझ्यापुढं बशी नव्हती.

"पोरी, तू बी घे की," भामाबाई म्हणाल्या.

"तिचा उपास हाय," आई घाईनं म्हणाली.

"कसला गं?"

"गणपतीचा," आई म्हणाली.

"अंबाबाईचा," त्याच क्षणी आत्या म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. कृष्णात मान खाली घालून पोहे खात होता, पण त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि चटईवरून सावकाश माझ्याकडं सरकवली.

"उपासाला शेंगा चालत्यात," तो म्हणाला.

पुडी अजून कोमट होती, आत सोललेल्या शेंगा. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत थट्टा होती, पण हुकूम नव्हता. नको असतील तर राहू दे... असंच ती म्हणत होती. शेजारून आईचा चिमटा बसला. समोर भामाबाई टक लावून बसलेल्या. एक घास, आणि हेही स्थळ गेलं. जाईना का! लपून खाऊन मी कंटाळले होते. मूठभर शेंगा तोंडात टाकल्या, सरळ भामाबाईंच्या समोर वळून बसले आणि चावू लागले.

"अगं बया!" भामाबाई ओरडल्या. "ही मला डोळा मारती!"

आईनं कपाळाला हात लावला. भामाबाईंनी जवळ सरकून माझी हनुवटी धरली, दुसरा घासही नीट पाहिला. मग पुडीतल्या चार शेंगा स्वतःच्या तोंडात टाकल्या, चावता चावता एक डोळा मिटायला गेल्या, तर दोन्ही मिटले. पुन्हा प्रयत्न. पुन्हा दोन्ही.

"मला न्हाई जमत बाई," त्या म्हणाल्या, आणि अशा हसल्या की आत्याच्या हातातलं भांडं हिंदकळलं.

परसात पाणी द्यायच्या निमित्तानं मी त्याला गाठलं. "झोपेत डोळा उघडा राहील, म्हणत्यात."

"मग पहाऱ्यावर तुमालाच उभं करतो."

"थट्टा नको. कापून घेऊ का नको?"

तो गंभीर झाला. "मला नका इचारू. डोळा तुमचा हाय. शिवलासा तरी मी येणार, न्हाई शिवलासा तरी येणार. तुमाला काय पायजे?"

मला काय हवं होतं... जाईच्या वेलाखाली, हातात रिकामा पेला धरून मी पहिल्यांदा विचार केला. पापणीचं मला काहीच नव्हतं. मला पंगतीत बसून पोटभर जेवायचं होतं.

गुरुवारी मी डॉक्टरीणबाईंना एकटीनं जाऊन सांगितलं, नको. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि बिस्किटांचा पुडा पुढं केला. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी तो सगळा संपवला. किती जणांना डोळा मारला, देवाला ठाऊक!

लग्न पुढच्या रजेत, वैशाखात करायचं ठरलं. त्याची रजा संपली, तेव्हा त्याला निरोप द्यायला आम्ही सगळे सांगलीच्या स्टँडवर गेलो. आई, आत्या, भामाबाई एका बाजूला डोळे पुसत उभ्या. मी खिडकीखाली, तो आत. अगदी कराडच्या उलट.

"पोचलो की कळवतो," तो म्हणाला. "जेवत जावा... चारचौघांत."

गाडी सुरू झाली. मी मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं, आणि डावा डोळा सावकाश मिटून उघडला.

"शेंगा का?" तो खिडकीतून ओरडला.

मी दोन्ही हात उघडून दाखवले. मग आ करून दाखवला.

तोंडात काहीच नव्हतं.