खोली नऊ, आतून

काम तसं चिमूटभर होतं. निदान धाकटीला पाठवताना तिच्या साहेबांनी असंच सांगितलं होतं. "त्या शीतगृहवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये तारखा भलत्याच दिसतात. जा, बघ, दुरुस्त कर आणि ये."

चार बहिणींत शेवटची म्हणून ती घरात धाकटी, आणि ऑफिसातही वयानं सगळ्यांत लहान म्हणून धाकटीच. खरं नाव ओळखपत्रावर तेवढं. एकटीनं करायचं हे तिचं पहिलंच काम. सकाळी निघताना थोरलीनं विचारलं, "तारखा लावायला चाललीस? म्हणजे आता कॅलेंडरं छापणार का तू?" बाकीच्या दोघी खो-खो हसल्या. धाकटीही हसली आणि बस गाठायला बाहेर पडली.

शीतगृह वस्तीपासून दूर होतं. लांबलचक, बिनखिडक्यांची इमारत. मधोमध एक बोळ आणि दोन्ही बाजूंना गोठवलेल्या मासळीच्या दहा खोल्या. त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, त्यामुळे हमाल नव्हते, गाड्या नव्हत्या. आत पाऊल टाकताच अमोनियाचा वास नाकात झोंबला. यंत्रांची घरघर जमिनीतून थेट पायांत चढत होती. थोड्या वेळानं ती ऐकू येईनाशी झाली, पण ती चालूच आहे हे हाडांना कळत राहिलं.

इमारतीत दोनच माणसं होती. एक मॅनेजर, टेबलावर शब्दकोडं पसरून बसलेले. दुसरे यंत्रांची देखभाल करणारे म्हातारे मिस्त्री. मॅनेजरांनी तिला चष्म्यावरून न्याहाळलं. "तुम्ही एकट्याच? कुणी मोठं माणूस नाही आलं बरोबर?"

मिस्त्रींनी मात्र काही न विचारता आपलं जाडजूड लोकरी जाकीट काढून तिच्या अंगावर टाकलं. "घाल पोरी. इथली थंडी आधी बोटं खाते, मग माणूस. बोटं गेली तर टाइप कशानं करशील?"

"आणि तुम्ही, काका?"

"मी? मी तीस वर्षं मुरलेलं लोणचं आहे. मला काय होतंय!"

तिनं अ‍ॅप उघडलं. कोणतं दार कधी उघडलं, कोणत्या खोलीत किती थंडी, अशा हजारो नोंदी होत्या आणि प्रत्येकीसमोर एकच तारीख. एकवीस जानेवारी एकोणीसशे सत्तर.

"बघा," मॅनेजर म्हणाले, "माझ्या लग्नाआधीपासून आमची दारं उघडताहेत. आम्ही तर त्या यादीकडे बघायचंच सोडून दिलंय."

साडेतीनच्या सुमाराला मिस्त्री हातोडा घेऊन उठले. "मागच्या पाइपांवरचा बर्फ झाडून येतो," म्हणाले आणि बोळात दिसेनासे झाले.

यंत्र तारीख तारखेसारखी साठवत नाही. एकोणीसशे सत्तर सालच्या पहिल्या दिवसापासून किती सेकंद लोटले, तेवढा एक लांबडा आकडा ते लिहून ठेवतं. हे धाकटीला पाठ होतं. पण इथं घोडं कुठं अडलं होतं ते सापडेना. पहिल्या अ‍ॅपवाल्यानं कागदाचा चिटोराही मागं ठेवला नव्हता. चार वाजले, साडेचार वाजले. साहेबांचा फोन आला. "झालं का? की दुसऱ्या कुणाला पाठवू?"

"होतंय, सर."

तिनं एकाच दाराच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. खरं तर त्यांच्यात एका दिवसाचं अंतर हवं होतं, आणि अ‍ॅप दाखवत होतं जेमतेम दीड मिनिट. ती त्या दीड मिनिटाकडे बघत राहिली... आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आकडा सेकंदांचा होता आणि अ‍ॅप त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागांचा समजत होतं! पन्नासहून जास्त वर्षांचा काळ आवळून त्यानं वीस दिवसांत कोंबला होता.

हजारानं गुणायचं. बस्स, एवढंच.

तिनं ती एक ओळ बदलली, नवं अ‍ॅप आपल्या फोनवर चढवलं. यादी क्षणभर कोरी झाली आणि मग एकेक तारीख आपापल्या जागी येऊन बसली. काल. परवा. मागचा महिना. आज सकाळी नऊ वाजून चार मिनिटं, मुख्य दार. तिनं घड्याळाशी ताडून पाहिलं, मिनिटाचाही फरक नव्हता.

"साहेब!" ती जवळजवळ ओरडलीच. "या, या! जमलं!"

मॅनेजर चष्मा पुसत आले. आपल्या इमारतीचा सगळा जन्म असा उलगडलेला पाहून त्यांचंही तोंड उघडं राहिलं. "वा! अहो, हे तर अगदी वर्तमानपत्रासारखं वाचता येतंय."

"आजच्या नोंदी वेगळ्या काढून दाखवते," धाकटी ऐटीत म्हणाली आणि तिनं बोट सरकवलं.

आजच्या नोंदी निघाल्या. एकाखाली एक, एकसारख्या.

खोली नऊ. आतली घंटा. चार वाजून अठ्ठावन्न.
खोली नऊ. आतली घंटा. चार वाजून छप्पन्न.
खोली नऊ. आतली घंटा. चार वाजून चोपन्न.

"आतली घंटा म्हणजे...?"

मॅनेजरांचा आवाज उतरला. "प्रत्येक खोलीत दाराजवळ लाल बटण असतं. चुकून कुणी आत कोंडलं गेलं तर दाबायला. पण नऊ नंबरचा भोंगा कधीच जळून गेलाय. नुसती नोंद होते. आणि नऊ बंद आहे हो... पाच वर्षं झाली. आत जुन्या मांडण्या ठेवल्यात फक्त. शेजारच्या खोल्यांमुळे गार राहते, एवढंच."

यादी हलली. वर एक नवी ओळ आली.

खोली नऊ. आतली घंटा. पाच वाजता.

दोघांनीही एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच.

"साहेब," धाकटीनं कुजबुजत विचारलं, "काका कुठे आहेत?"

ती धावली तेव्हा मॅनेजर अजून खुर्चीला धरून उभे होते, पण बोळाच्या तोंडाशी त्यांनी तिला गाठलं. बोळात दिवे विरळ होते. प्लास्टिकचे गार पडदे तोंडावर आपटत होते. नऊ नंबरच्या दाराची कडी बाहेरून लागलेली नव्हती, पण दाराच्या कडांवर पांढरा बर्फ धरला होता. धाकटीनं दारावर मुठी मारल्या. "काका!... काका!"

आतून यंत्रांची नुसती घरघर.

मॅनेजरांनी कुठूनशी पहार आणली. दोघांनी जोर लावला. दार करकरत सुटलं आणि आतलं धुकं त्यांच्या पायांवरून बोळात सांडलं. मोबाइलच्या उजेडात, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कोसळलेल्या लोखंडी मांडणीखाली मिस्त्री पडले होते. अंगात साधा स्वेटर, ओठ निळे, भुवयांवर बर्फाची कणी.

"उचला!" धाकटी म्हणाली.

"अहो, ही चार माणसांची मांडणी आहे..."

"मग आपण चार माणसं व्हायचं. उचला म्हणते ना!"

आयुष्यात कुणाशी ती अशी बोलली नव्हती. तिनं खांदा लावला, मॅनेजरांनी पहार सारली. मांडणी वीतभर वर आली, अडली, आणखी बोटभर आली. "आता ओढा!" खांद्यावर सगळं लोखंड तोलून ती थरथरत उभी राहिली, आणि मॅनेजरांनी म्हाताऱ्याच्या काखांत हात घालून त्यांना बाहेर खेचलं.

ऑफिसात आणल्यावर तिनं त्यांचं जाकीट त्यांनाच घातलं, वर सापडतील तितकी पोती टाकली. त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ती नावाजलेल्या डॉक्टरच्या थाटात मॅनेजरांना हुकूम सोडत राहिली आणि ते निमूट ऐकत राहिले. साडेपाचला अ‍ॅम्ब्युलन्स आली. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, पाय पाहिला. "जगतील. पायही वाचेल. पण अजून अर्धा तास गेला असता ना, तर मला यायचं कारणच उरलं नसतं."

धाकटीला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. मॅनेजरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "पोरी, उद्या तुझ्या साहेबाला मी स्वतः फोन करतो. म्हणावं, मोठं माणूस पाठवलंत, उपकार झाले."

स्ट्रेचरवर मिस्त्रींनी डोळे उघडले. धाकटी वाकली. "काका, तुम्ही घंटा दाबत राहिलात म्हणून बरं. नाहीतर आम्हाला कळलंच नसतं."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "घंटा?... कुठली घंटा?"

"दाराजवळचं बटण."

"पोरी, दार मागून आपोआप लागलं... अंधारात मांडणीला धडकलो, ती अंगावर आली. तेव्हापासून जागचा हललो नाही मी." त्यांनी ओठ ओले केले. "आणि मी काय हौसेनं गेलो होतो का आत? पाइप झाडत होतो... आतून कुणीतरी ठोकत होतं. सारखं. म्हणून दार उघडलं."

दार लावून अ‍ॅम्ब्युलन्स निघून गेली.

 मॅनेजर आणि धाकटी, काहीच न ठरवता, परत बोळात शिरले. बटण अडकून बसलं असेल, असं मॅनेजर म्हणाले. गारठ्यात असं होतं कधीकधी. धाकटीनं हुंकार भरला.

नऊ नंबरचं दार तसंच सताड उघडं होतं. खोलीत कुणी नाही. धाकटीनं उंबऱ्यातूनच बटणावर उजेड धरला.

त्यावर बर्फ होता. तळहाताएवढा जाड, वर्षानुवर्षांचा, काचेसारखा स्वच्छ. कुठे तडा नाही, ओरखडा नाही. त्याच्या आत, खोल, लाल बटण दिसत होतं, पुरतं आत दाबलेलं.

"बघा... अडकलंय," मॅनेजर म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी?"

त्यांचं वाक्य संपेपर्यंत, बर्फाच्या आतल्या आत, बटण सावकाश वर आलं. क्षणभर तसंच राहिलं. आणि मग पुन्हा, कुणीतरी बोट टेकवावं तसं, हळूच आत गेलं.

धाकटीच्या हातातला फोन थरथरला. नवी ओळ होती. तारीख आजची, अगदी स्वच्छ वाचता येणारी. वेळ पाच वाजून अठ्ठावन्न. खोली नऊ. आतून.