मागची सीट

बसा भाऊ, चहा घ्या. फोन वाजला तर मधातच उठीन, राग मानू नका.

धाड गावात बाजाराच्या रस्त्यावर माझं गॅरेज, मागंच घर. धाकटा भाऊ प्रेम लडाखले एकटाच जाणार होता. त्यासाठी डांबरावरही पळते अन् दगडधोंड्यातही चालते, अशी उंच जुनी मोटारसायकल त्यानं घेतली. मले हे बिलकुल पसंत नव्हतं. पण जाणारच आहे तर गाडी तरी धड पाहिजे, म्हणून नवे टायर, इंजिनखाली लोखंडी पत्रा, हँडलले गार्ड, सगळं मीच बसवलं.

काल राहिला होता फक्त मागचा शॉकअप. त्याची स्प्रिंग गाडीवर वजन देऊन कसावी लागते. प्रेम पुढं बसला, मागं बसाले कोणीच नाही. दिवेलागण झालेली, मी वैतागलेलो. रिकाम्या सीटवर थाप मारली अन् म्हटलं, "ये बाप्पा, कोणीबी ये, बस मागं!"

आई तुळशीपाशी दिवा लावत होती. तिथूनच ओरडली, "काऊन बे गोकुळ! तिन्हीसांजेले नाव न घेता कोणाले बोलावतात का?"

मी हसलो. अन् गाडी मागून खाली गेली... हळूच, कोणी पाय टाकून बसल्यावानी.

"दादा, तू दाबली?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. पेट्रोल-ऑईलच्या त्या वासात ताज्या खोबरेल तेलाचा वास आला, नुकतीच वेणी घातल्यासारखा. स्प्रिंग कसली, अजून कसली. गाडी वर येईना. शेवटी मागची सीटच काढून फेकली अन् तिथं सामानाचा कॅरियर बसवला. तेव्हा कुठं गाडी वर आली.

आज सकाळी मी त्याच्या अक्षरशः पाया पडलो. "नको जाऊ रे."

"कमाल करतं दादा! एवढी गाडी सजवली अन् आता तूच अडवून राह्यला?"

आईनं हातावर दही-साखर ठेवली. प्रेमनं हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली. पण निघाला नाही. टाकीकडं जरा सरकला, दोन्ही पाय जमिनीवर रोवले अन् थांबला...

गाडी मागून खाली गेली.

"प्रेम, उतर!" मी धावलो.

त्यानं मान मागं वळवली. माझ्याकडं पाह्यलंच नाही. कॅरियरकडं पाहून, हळूच, लाडानं म्हणाला, "पाय सांभाळ हं. सायलेन्सर गरम राह्यते."